काकूंनीं पाहिलेली मुंबई

मुंबईस जाऊन आलेलीं माणसें आपल्या घरोघर पुष्कळ आढळतात. मुंबई पाहून आलेलीं मात्र त्या मानानें फार थोडीं असतात. हा भेद साठी उलटेपर्यंत आमच्या लक्षांत आला नव्हता, आणि तो लक्षांत आणून देण्याचें श्रेय आमच्या दहा वर्षांच्या नातीस आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत तिला मुंबईंतील एखाद्या प्रेक्षणीय स्थळावर निबंध लिहून आणावयास शाळेंत सांगितलें होतें. वही घेऊन ती थेट माजघरांत आमच्या काकूंपाशीं गेली. कारण घरांतील सर्व माणसांत मुंबईच्या खेपा कोणाच्या अधिक झाल्या आहेत, हें तिला ठाऊक होतें. "काकूआजी, गेटवे कसा दिसतो ग?" तिनें विचारलें. काकू मेथी निवडीत होत्या. हातांतली जुडी खालीं न ठेवतां त्या म्हणाल्या, "मला कुठें ठाऊक, बाळ? मीं तो कॅलेंडरवरच पाहिलाय."

हें उत्तर ऐकून आम्हीं हातांतील वर्तमानपत्र बाजूस ठेविलें आणि काकूंच्या मुंबईच्या खेपा मोजूं लागलों. त्या नऊ भरल्या. पहिली १९७१ सालची, लग्नाच्या दुसऱ्या वर्षीं, थोरल्या नणंदेच्या बाळंतपणासाठीं. पुढें आणखी दोन बाळंतपणें, तीन लग्नें, एक मुंज, धाकट्या दिरांचें लांबलेलें आजारपण आणि शेवटची खेप त्याच दिरांच्या तेराव्याची. प्रत्येक वेळीं दादरला उतरावयाचें, नातलगांच्या घरीं पोहोंचावयाचें, पदर खोंचावयाचा आणि कार्य उरकलें कीं परतीची गाडी धरावयाची. "पण काकू, समुद्र तरी पाहिला असालच ना?" आम्हीं विचारलें. काकू हंसल्या. "दिसला होता कीं! भाऊजींना दवाखान्यांत डबा नेतांना टॅक्सी समुद्रावरूनच गेली. पण मांडीवर आमटीचा डबा. सांडेल म्हणून सारें लक्ष त्याच्यावर. भरती होती कीं ओहोटी, देवास ठाऊक!"

काकूंच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता, आणि म्हणूनच आम्हांला अधिक ओशाळल्यासारखें झालें. आम्ही घरांतील पुरुषमाणसें कामानिमित्त तीस-चाळीस वेळां तरी मुंबईस गेलों असूं. कामांतून सवड काढून हिंडलोंही असूं. परंतु ज्या बाईनें त्या शहरांत एकंदर पांच-सहा महिने काढले, तिनें तें शहर पाहिलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आला नाहीं. काकू आतां शहात्तर वर्षांच्या आहेत. गुडघे कुरकुरतात, जिने जपून चढावे असें डॉक्टर बजावतात. दहावी खेप करावयाची तर ती आतांच, हें उघड होतें. घरांत बोलणें झालें आणि पौषांत चार दिवस काढून काकू, आमची सून, नात व आम्ही अशीं चौघें मुंबईस जाऊन आलों. त्या चार दिवसांचा वृत्तांत येथें देत आहों. आमच्यासारखीं घरें वाचकांत पुष्कळ असतील, आणि त्यांस आमच्या चुकांचा व सोयींचा थोडाफार उपयोग होईल, अशी आशा आहे.

सर्वांत कठीण प्रश्न उताऱ्याचा निघाला. दादरला आमचे सख्खे नातलग आहेत, घर मोठें आहे, माणसें प्रेमळ आहेत. तथापि तेथें उतरावयाचें नाहीं, असा आग्रह आमच्या सुनेनें धरिला. ती म्हणाली, "तिथें गेल्यावर काकू पहांटे उठून कुकर लावतील, आणि मग मलाही बसवणार नाहीं. तुम्हां दोघांचीच मुंबई होईल." ह्या बोलण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दादरमध्येंच एका साध्या व स्वच्छ लॉजमध्यें दोन खोल्या घेतल्या. नातलगांस वाईट वाटलें. फोनवर रुसवेफुगवेही झाले. एका संध्याकाळीं भेटीस येऊं असें सांगून आम्हीं त्यांची समजूत घातली. ज्या स्त्रीस एखादें शहर दाखवावयाचें असेल, तिला त्या शहरांतील नातलगांच्या स्वयंपाकघरापासून चार दिवस दूर ठेवावें, हा आमचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. तो कोणास कडू वाटला तरी आमचा नाइलाज आहे.

दुसरा सल्ला असा, कीं दिवसांत दोनच गोष्टी ठरवाव्या. एक सकाळची, एक संध्याकाळची. दुपारीं दोन तास आडवें व्हावें. तिसरा सल्ला वारांविषयीं. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात. भायखळ्याचें संग्रहालय व राणीची बाग बुधवारीं बंद असते. आम्ही रविवारीं रात्रीं साताऱ्याहून निघून सोमवारीं सकाळीं पोहोंचलों व गुरुवारीं रात्रीं परतलों. त्यामुळें कोठेंही दाराशीं जाऊन परतावें लागलें नाहीं. लोकलनें जावयाचें झाल्यास सकाळीं आठ ते अकरा दक्षिणेकडे व संध्याकाळीं पांच ते आठ उत्तरेकडे म्हाताऱ्या माणसांस घेऊन जाऊं नये. आतां भुयारी मेट्रोमुळें ही अडचण पुष्कळच कमी झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धांवते. दादर, गिरगांव, काळबादेवी व शिवाजी महाराज टर्मिनस हीं स्थानकें तिच्यावर आहेत, आणि सरकते जिने व लिफ्ट असल्यामुळें गुडघ्यांस त्रास पडत नाहीं.

महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला थांबतांच काकू सवयीनें उठून पिशवी घेऊन दाराकडे निघाल्या. "बसा काकू, आज शेवटपर्यंत जावयाचें आहे," आम्हीं म्हटलें. पंचावन्न वर्षें दादरला उतरणाऱ्या बाईनें दादरच्या पुढची मुंबई त्या दिवशीं पहिल्यांदा पाहिली. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसाची इमारत आंतून पाहून कळत नाहीं; रस्ता ओलांडून समोर जाऊन उभें राहिलें म्हणजे तिचा थाट दिसतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्या वास्तुशिल्पज्ञानें तिचा आराखडा केला; १८७८ सालीं काम सुरू होऊन दहा वर्षें चाललें. तिच्या दगडांत कोरलेले मोर, माकडें, पानें-फुलें ह्यांवर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात फिरलेला आहे. २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत तिचें नांव घातलें गेलें. ह्याच परिसरांतून, बोरीबंदराहून, १६ एप्रिल १८५३ रोजीं आपल्या देशांतील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास गेली, हें नातीनें पाठ करून आणलें होतें. काकू मात्र मान वर करून घुमटाकडे पाहत होत्या. "वर ती बाई कोण उभी आहे?" त्यांनीं विचारलें. ती प्रगतीची मूर्ति. एका हातांत मशाल, दुसऱ्या हातांत चाक. "म्हणजे बाईच," काकू म्हणाल्या, आणि पुन्हां एकदां पाहून पुढें निघाल्या.

त्या संध्याकाळीं शिवाजी पार्कवर गेलों. १९२५ सालीं नगरपालिकेनें लोकांसाठीं खुलें केलेलें हें मैदान आजही सर्वांचें आहे. भोंवतीं बसावयास जो लांबलचक कट्टा आहे त्याची फेरी किलोमीटरहून अधिक भरते. एका अंगास क्रिकेटचे पोरसवदा खेळाडू, दुसऱ्या अंगास पेन्शनीत निघालेले गृहस्थ आणि मधून भरभर चालणाऱ्या बायका, असें तेथील दृश्य असतें. तेथून जवळच 'प्रकाश' व 'आस्वाद' हीं मराठी खाण्याचीं दोन प्रसिद्ध ठिकाणें आहेत. साबुदाण्याचा वडा, थालीपीठ, मिसळ, कोथिंबिरीची वडी हे पदार्थ आपल्या घरीं होतच असतात. मग ते मुंबईस जाऊन कां खावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर काकूंनीं दिलें. वडा मोडून, आंत साबुदाणा मोकळा आहे कीं चिकट हें पाहून, घांस घेऊन त्या म्हणाल्या, "आपण केला म्हणजे शेवटचा गार झालेला आपल्या वांट्याला येतो. हा गरम आहे." श्रीखंडाच्या जातीचें, जायफळ-केशर घातलेलें पियूषही त्यांना आवडलें. बटाट्याचा वडा पावांत घालून विकण्याची प्रथा १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरच सुरू झाली असें सांगतात; नातीच्या हट्टाखातर तोही घेतला.

मंगळवारीं सकाळीं मेट्रोनें कोटांत गेलों. टाउन हॉलच्या पायऱ्या तीस आहेत. काकू दोनदां थांबल्या, पण चढल्या. १८३३ सालीं पुरी झालेली ही दणकट खांबांची इमारत एशियाटिक सोसायटीचें घर आहे. १८०४ सालीं स्थापन झालेल्या ह्या विद्वत्संस्थेंतील ग्रंथांच्या आधारावर आपल्याकडील किती पंडितांनीं आयुष्यें वेंचलीं! महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांचा संस्थेशीं संबंध दीर्घकाळचा. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ अशीं बत्तीस वर्षें पांच खंडांत निघत राहिला, आणि १९६३ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षें ह्याच ग्रंथालयांत वाचीत बसत. हें ऐकतांच काकू म्हणाल्या, "म्हणजे कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्ष त्याच ना? पंचाहत्तर सालीं तुमचे काका तीन दिवस गेले होते. परत आल्यावर सगळें सांगितलें त्यांनीं." एवढें बोलून त्या खांबाला टेकून बसल्या व खालच्या बागेकडे पाहत राहिल्या. काका गेले तेव्हां काकू कोठें होत्या, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारावयाची गरजही नव्हती.

आंत नाना शंकरशेट ह्यांचा संगमरवरी पुतळा आहे. १८०३ ते १८६५ हा त्यांचा काळ. शाळा, वाचनालयें, मुलींचें शिक्षण, १८४५ पासून चाललेली आगगाडीची खटपट, ह्यांपैकीं कोणतेंही काम त्यांच्यावांचून झालें नाहीं. आतां त्यांच्या नांवाचें एक मेट्रो स्थानकही मुंबई सेंट्रलपाशीं आहे. मुंबई इंग्रजांनीं उभारली असें आपण सहज बोलून जातों. पण ह्या शहरांतील वास्तूंच्या पायथ्याशीं आपल्या माणसांचा पैसा व बुद्धि किती आहे, तें मुलांना अशा ठिकाणीं उभें करून सांगावें. पहिलें मराठी वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनीं ह्याच शहरांत ६ जानेवारी १८३२ रोजीं काढिलें, हेंही तेव्हांच सांगून टाकावें.

परततांना धोबीतलावापाशीं १९०४ सालापासून चालत आलेल्या 'कयानी' ह्या इराण्याच्या दुकानांत शिरलों. उंच छत, जुन्या लांकडी खुर्च्या, जाड पेल्यांत दाट चहा. काकूंच्या माहेरीं पाव उंबऱ्याच्या आंत येत नसे. त्यामुळें बन-मस्का समोर आल्यावर त्यांनीं त्यांत काय काय पडतें ह्याची वेटरकडे चौकशी केली. चौकशी समाधानकारक ठरल्यावर अर्धा तुकडा चहांत बुडवून त्यांनीं खाल्ला आणि उरलेला अर्धाही खाल्ला. ज्यांना अंड्याचें वावडें असेल त्यांनीं काकूंप्रमाणेंच आधीं विचारून घ्यावें. विचारण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

संध्याकाळीं गिरगांव. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. मुंबईंतील तो पहिला. चाळी पाडून त्यांच्या जागीं टोलेजंग इमारती उठत आहेत, तरी लांकडी कठडे, गॅलऱ्या आणि त्यांवर वाळत घातलेलीं लुगडीं-चादरी अजून पाहावयास मिळतात. जवळच खोताची वाडी आहे. तिच्या अरुंद बोळांतील जुनीं कौलारू घरें पाहून काकूंना कोंकणांतलें आजोळ आठवलें. तेथून चौपाटीवर आलों. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक वारले, तेव्हां त्यांचा अंत्यसंस्कार ह्याच वाळूवर झाला; आज तेथें त्यांचा पुतळा उभा आहे. काकूंनीं चपला काढून पुतळ्यास नमस्कार केला, आणि मग तशाच अनवाणी पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या. सून व नात त्यांचे हात धरून होत्या. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "ओहोटी आहे." पुढें भेळ व कुल्फी झाली, तिचें वर्णन करण्याचें कारण नाहीं, चौपाटीवरील भेळ ही ज्यानें त्यानें खाऊन पाहावयाची वस्तु आहे.

त्याच रात्रीं ठरल्याप्रमाणें नातलगांकडे गेलों. गप्पा रंगल्या, आणि पानें घेण्याची वेळ झाली तशा काकू उठल्याच. आम्ही कांहीं बोलणार, तोंच त्या घरच्या सुनेनें त्यांच्या हातांतून वेळणी काढून घेतली व त्यांना पाटावर बसविलें. मात्र जेवतांना काकूंचें लक्ष पानाकडे नव्हतें. कोणाला काय हवें-नको तेंच त्या पाहत होत्या. पन्नास वर्षांची सवय दोन दिवसांत जात नाहीं, हें आम्हीं त्या रात्रीं ओळखलें.

बुधवार घारापुरीसाठीं राखून ठेविला होता. गेटवे ऑफ इंडियापासून लाँच निघते. नातीनें ज्या प्रश्नानें ह्या प्रवासाची सुरुवात केली तो गेटवे आतां समोर होता. जॉर्ज विटेट ह्यानें आंखलेली ही सव्वीस मीटर उंचीची कमान ४ डिसेंबर १९२४ रोजीं खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिच्याखालून समुद्रमार्गें चालती झाली. समोर १९६१ सालीं उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. "कॅलेंडरपेक्षां मोठा आहे," असा अभिप्राय काकूंनीं नातीच्या वहींत लिहून घेण्यास सांगितला.

दहा-अकरा किलोमीटरांचें हें अंतर कापावयास लाँचीस तासभर लागतो. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो व लाँचींचा भरंवसा नसतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. सकाळची पहिली-दुसरी लाँच धरावी, म्हणजे ऊन तापण्यापूर्वीं वर पोहोंचतां येतें. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढें सुमारें एकशेंवीस पायऱ्या; पण डोली मिळते, आणि म्हाताऱ्या माणसांनीं तींत बसण्यास संकोच करूं नये. काकूंनीं केला. "चार माणसांच्या खांद्यावर मी कशी जाऊं? अजून वेळ आहे त्याला," असें म्हणून त्यांनीं सर्वांना हंसविलें, शेवटीं चढतांना डोली व उतरतांना पायीं, असा तह झाला. दशम्या व बटाट्याची भाजी बरोबर होती. ती आम्हीं लाँचींतच खाऊन घेतली. वरच्या माकडांना पिशवींतला खाऊ बरोबर कळतो, म्हणून हातांत खाण्याचें कांहीं दिसूं देऊं नये.

लेणीं सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलीं गेलीं. १९८७ सालीं त्यांची गणना जागतिक वारशांत झाली. मुख्य लेण्यांतील त्रिमुखी सदाशिव जवळजवळ वीस फूट उंच आहे; मधला शांत तत्पुरुष, एका बाजूस उग्र अघोर, दुसऱ्या बाजूस स्त्रीसारखा सुकुमार वामदेव. बाहेरच्या उन्हांतून आंत आल्यावर प्रथम कांहीं दिसत नाहीं. मग हळूहळू ते तीन चेहरे अंधारांतून पुढें येतात. घाई करणाऱ्यास हें दर्शन घडत नाहीं. आम्ही पुस्तकांतून वाचून आलेलीं माणसें. अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलविणारा रावण, अशीं नांवें सांगत पुढें चाललों होतों. मागें वळून पाहतों तों काकू नाहींत. त्या एका भंगलेल्या शिल्पापुढें उभ्या होत्या. शिवपार्वतीच्या विवाहाचें तें शिल्प.

आम्ही जवळ गेलों, तेव्हां आम्हांला कांहीं सांगण्याची संधिच त्यांनीं दिली नाहीं. त्याच नातीला सांगत होत्या. "ही बघ नवरी. मान कशी खालीं घातलीय. हे मागचे तिचे वडील, तिला पुढें करताहेत. कन्यादान आहे ना! हा खालीं बसलेला भटजी, होमापाशीं. आणि हा बघ, ह्याच्याजवळ पाण्याचा कलश." शास्त्रज्ञांनीं त्या आकृति हिमवान्, ब्रह्मदेव व चंद्र म्हणून ओळखल्या आहेत, काकूंनीं त्या आपल्या अनुभवानें ओळखल्या. नातीनें विचारलें, "तुला कसें कळलें ग?" काकू क्षणभर थांबल्या. "इतक्या लग्नांना मुंबईस आलें, पण मंगलाष्टकें नेहमीं आंतूनच ऐकलीं. अक्षता हातांत घेऊन बाहेर यावें, तों बाहेर टाळ्या वाजून गेलेल्या असत. असें समोर उभें राहून लग्न आजच पाहतें आहें." त्या हें हंसत हंसत म्हणाल्या. आमच्या सुनेनें मात्र तोंड फिरविलें. त्या तीन लग्नांपैकीं एक तिचें होतें.

उतरतांना काकू ठरल्याप्रमाणें पायींच उतरल्या. दर वीस पायऱ्यांवर बसत, आजूबाजूच्या माळांची व टोप्यांची किंमत करीत. घेतलें कांहीं नाहीं.

गुरुवारीं सकाळीं भायखळा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ सालीं लोकांसाठीं खुली झाली, आणि १९७५ सालीं तिला हें नांव मिळालें. भाऊ दाजी गोमंतकांतील मांद्र्याचे. जन्म १८२२ चा. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकीं ते एक. रोग्यांवर उपचार करीत असतांनाच त्यांनीं प्राचीन शिलालेखांचा अभ्यास केला. आंत मातीचीं सुबक चित्रें आहेत; कारागीर, निरनिराळ्या जातीजमातींचे लोक, त्यांचे पोशाख, पगड्या. पण आमचें मुख्य काम बाहेरच्या दगडी हत्तीशीं होतें. हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा असें नांव दिलें. १८६४ सालीं त्याला उचलून विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना तो पडून फुटला. पुढें तुकडे सांधून त्याला पुन्हां उभा केला. आदल्या दिवशीं बेट व दुसऱ्या दिवशीं हा हत्ती, असा क्रम ठेविल्यास मुलांना गोष्ट पुरी कळते. लागून असलेल्या राणीच्या बागेंत नातीनें पेंग्विन पाहिले व काकूंनीं जुने वृक्ष.

दुपारीं माटुंग्यास गेलों. स्टेशनासमोर पहिल्या मजल्यावर रामा नायक ह्यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालत आलें आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, सार, भाज्या, पापड, ताक. आणि वाढणारे एकामागून एक येऊन पानांत काय संपलें तें पाहून पुन्हां वाढतात. प्रथम काकू चारही पानांवर नजर ठेवून होत्या. वाढप्या सार घेऊन आला. त्यांनीं नातीच्या पानाकडे बोट दाखविलें. तो म्हणाला, "आजी, त्यांचें मी बघतो. तुम्ही जेवा." काकूंनीं मान डोलविली. त्यानंतर आम्हीं पाहिलें, कीं त्या खरोखरच जेवीत होत्या. दोनदां भात घेतला, सार वाटी तोंडाला लावून प्यायल्या, आणि शेवटीं "ह्यांत मिरी अंमळ जास्त आहे, पण बरी लागते," असें म्हणून पान मिटलें. पांच दशकांत मुंबईंत जेवण त्यांनीं शेंकडों माणसांना वाढलें असेल. मुंबईनें त्यांना स्वस्थपणें वाढलें तें त्या दुपारीं.

रात्रीं दादरला गाडींत बसलों. किती पाहावयाचें राहून गेलें, ह्याची यादी आमच्यापाशीं मोठी होती. गेटवेपासून हांकेच्या अंतरावर १९२२ सालीं खुलें झालेलें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याला एक सबंध दिवस हवा, म्हणून आम्हीं त्याला हातच लाविला नाहीं. वाळकेश्वरचा बाणगंगेचा तलाव राहिला. परंतु सारें उरकण्याच्या हव्यासानें कांहींच पाहिलें जात नाहीं. चार दिवसांत सात-आठ ठिकाणें आणि तितकीच खाण्याचीं निमित्तें, ह्याहून अधिक म्हाताऱ्या व लहान माणसांवर लादूं नये.

खर्चाचें म्हणाल, तर लॉजच्या भाड्याखेरीज त्यांत मोठें असें कांहीं नव्हतें. आमच्या घरीं एका साध्या समारंभास जेवढे पाहुणे येतात, त्यांच्या एका जेवणावळीच्या आंत सारा प्रवास बसला. अडचण पैशाची कधींच नव्हती. आजवर कोणाला सुचलें नव्हतें, इतकेंच.

घरीं परतल्यावर नातीनें आपला निबंध पुन्हां लिहिला. निबंधाची तारीख केव्हांच उलटून गेली होती. म्हणून तो तिनें काकूंनाच वाचून दाखविला. काकूंनीं दोन ठिकाणीं दुरुस्ती सुचविली. नंतर त्या आम्हांला म्हणाल्या, "तें दुसरें संग्रहालय म्हणत होतास, तें कोणत्या वारीं बंद असतें?" तें चौकशी करून सांगण्याचें आम्हीं कबूल केलें आहे. वाचकांस आमची विनंति एवढीच, कीं आपल्या घरांतही अनेक खेपा करून कांहींच न पाहिलेली एखादी काकू, आत्या किंवा आई असेल. मुंबई असो, पुणें असो, काशी असो. तिनें तें शहर पाहिलें आहे कीं तेथील स्वयंपाकघर, हें तिला एकदां विचारून पाहावें.